दहापैकी चार

५ जानेवारी

ताई,

"शेजारणीचं मांजर मेलं आहे, तिला पत्राने कळवा." आठवतं? सातवीचा वर्ग, शनिवारचा शेवटचा तास, खिडकीशी आपलं बाक. टायफॉइडमुळे तुझं एक वर्ष बुडालं होतं, म्हणून तू माझ्याच वर्गात आणि माझ्याच बाकावर, आणि दोघींत मिळून एक दौत. शाईवाल्या सिस्टर (त्यांचं मधलं बोट कायम निळं असायचं म्हणून तूच ठेवलेलं नाव) सांगत होत्या, "मुलींनो, वाईट बातमी द्यायची असेल तर माणसाला आधी बसायला खुर्ची द्या आणि नंतर पाण्याचा पेला. पत्राचं पहिलं वाक्य म्हणजे खुर्ची. शेवटचं म्हणजे पेला. बातमी मध्ये."

मी दीड पान लिहिलं. बागेतल्या गुलाबांपासून सुरुवात, मग मांजराच्या स्वभावाचं कौतुक. ते गेल्याचं अकराव्या ओळीत आलं. शेवटी शेजारणीला उत्तम आरोग्य चिंतलं. तू तीन वाक्यं लिहिलीस. "तुमचं मांजर मेलं. मला वाईट वाटतंय. मी येऊ का?"

मला दहापैकी दहा. तुला चार. घरी येताना तू म्हणालीस, "बोरू, तुझं पत्र वाचून होईपर्यंत ते मांजर दुसऱ्यांदा मरेल." आपण इतक्या हसलो की माझी चप्पल गटारात गेली.

ही झाली खुर्ची. नऊ वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा जरा ऐसपैस दिली.

आता बातमी. नव्या आरोग्य कायद्यावर वीस फेब्रुवारीला नगरभवनात जनसुनावणी आहे. माझ्या जुन्या विमा कंपनीने मला बोलायला सांगितलं आहे: "निवृत्त कर्मचारी, पत्रविभाग, सव्वीस वर्षं." वक्त्यांची यादी घरी आली. अकरावी मी. बारावी तू: "निवृत्त परिचारिका, सरकारी रुग्णालय." यादी करणाऱ्याला काय कल्पना, की त्याने दोन बहिणींना एकीमागे एक उभं केलंय!

तू कायद्याच्या बाजूने बोलणार हे सांगायला ज्योतिषी नको. मी काय बोलणार तेही तुला ठाऊक असेल. प्रत्येकाचा उपचार सरकारने करायचा, कमावत्याने त्याच्या ऐपतीप्रमाणे वाटा द्यायचा, विमा कंपन्यांनी जुनं दुखणं दाखवून कुणाला नाकारायचं नाही. ऐकायला गोड आहे, ताई. पण दवाखाने तेच, डॉक्टर तेवढेच, आणि दारात माणसं तिप्पट. रांग कुठे ठेवणार? शिवाय स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या डॉक्टरकडे, हव्या त्या दिवशी जाण्यात एक मान असतो. मी जन्मभर हप्ता भरला तो त्या मानासाठी.

माझी प्रकृती उत्तम आहे. भाऊजींना नमस्कार. त्यांची छाती आता कशी आहे ते कळव. निदान तेवढं तरी.

तुझी धाकटी


१८ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. भाऊजींचा मात्र फोन आला. दुकानातून करत होते. मागे घड्याळांची टिकटिक अशी, की जणू सगळं गाव घाईत आहे.

"मेहुणीबाई, पत्र पोचलं."

"ताईने वाचलं?"

"दोनदा. मग कोपऱ्यात तारीख आणि वेळ टाकली, पेशंटच्या कागदावर टाकतात तशी, आणि सुयांच्या डब्यात ठेवलं."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, 'खुर्ची फार मोठी आहे.' आणि काय हो, तुम्ही प्रकृती उत्तम म्हणून लिहिलंत. त्यावर तिने लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय."

तुझं हे असंच. बरं, ऐक. गुडघा गेलाय. डावा. जिना एक एक पायरी, लहान मुलासारखी उतरते. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदलायला हवा. मी म्हटलं, घाबरायचं काय, माझा विमा आहे. साठीनंतर दर वर्षी हप्ता जिन्यासारखाच चढत गेला, तरी एक वर्ष चुकवला नाही. कंपनीला कागद पाठवले.

डिसेंबरात पोस्टमनबाई लिफाफा घेऊन आल्या. दारातच उघडला. "आपल्या पत्राबद्दल आणि आमच्यावरील दीर्घ विश्वासाबद्दल मनःपूर्वक आभार." मी वाचतच राहिले. पुढे दोन परिच्छेद सगळं कसं मऊमऊ, तेराव्या ओळीत, गुडघेदुखी पॉलिसीच्या आधीपासूनची असल्याचं दिसून येत असल्याने खेद वाटतो, आणि शेवटी, "आपणांस उत्तम आरोग्य लाभो, ही सदिच्छा."

ताई, ती खुर्ची माझी होती. पेलाही माझाच. वीस वर्षांपूर्वी हा मसुदा मी लिहिला, साहेबांनी वाहवा केली, आणि मग तो यंत्रात घातला. आता कुणाच्याही नावाने बटण दाबलं की माझी वाक्यं बाहेर पडतात. स्वतःच्या हाताने शिवलेल्या गादीत स्वतःचीच सुई टोचावी, तसं झालं. मला जे हसू फुटलं! दाराची चौकट धरून हसले. पोस्टमनबाई म्हणाल्या, "चांगली बातमी दिसतेय!" मी म्हटलं, "हो, भाषा फार चांगली आहे."

नंतर हसू ओसरलं. तसंच एक पत्र तुझ्याही घरी गेलं होतं, हे मी विसरलेले नाही. ते यंत्राने पाठवलं होतं, एवढंच आज लिहिते.

सुनावणीचं भाषण अजून कायद्याच्या विरोधातच आहे. एक गुडघा म्हणजे काही तत्त्व नव्हे.

तुझी
बोरू


३ फेब्रुवारी

ताई,

शत्रूच्या गोटात जाऊन आले, म्हणजे तुझ्या सरकारी रुग्णालयात. रांग किती लांब असते ते डोळ्यांनी बघावं आणि भाषणात सांगावं, हा हेतू. गुडघा दाखवायला नव्हते गेले. (गेले होते.)

टोकन एकशे बारा. लांब बाक, भिंतीचा रंग बाकाच्या उंचीवर पाठींनी घासून गेलेला. माझ्या एका बाजूला बेकरीवाला, मनगट मोडलेलं, दुसऱ्या बाजूला शाळेतल्या निवृत्त गणिताच्या बाई. अर्ध्या तासात सगळ्या बाकाला कळलं की मी विमा कंपनीवाली, आणि सुनावणी तिथेच सुरू झाली.

बेकरीवाला म्हणाला, "मावशी, सरकार सगळं फुकट देणार म्हणजे माझ्याच खिशातून घेऊन मलाच देणार. मधल्या मध्ये पीठ सांडणार ते वेगळं."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "आणि आत्ता सांडत नाही होय? तुमची कंपनी माझ्याकडून तीस वर्षं घेत होती. पासष्टी झाली आणि म्हणाली, आता तुमचा धोका वाढला. अहो, म्हातारी होणार हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं!"

"पण इथे सकाळपासून बसलोय त्याचं काय?"

"बसलोय. पण आपल्याला कुणी उठवत नाहीये."

मी वहीत दोघांचंही लिहून घेतलं. खरं सांगते, दोघांचंही पटलं. सव्वीस वर्षं मी आजारी माणसं कागदावर पाहिली. कागदावर माणूस एकटा असतो. इथे बाकावर माझा नंबर आला तेव्हा तिघांनी मला उठायला हात दिला, आणि बेकरीवाला ओरडला, "मावशी, तुमच्या कंपनीलाही घेऊन जा आत, तिलाही तपासा!" हसण्याचा असा गडगडाट, की आतून डॉक्टर डोकावले.

आत मुख्य परिचारिका होत्या. नाव-पत्ता लिहिताना थबकल्या. "तुम्ही आमच्या ताईंच्या बहीण? आवाज तोच आहे. आम्हाला सलाईन लावायला त्यांनी शिकवलं. म्हणायच्या, सुई टोचणार आहे हे आधी सांगा, मग टोचा. गोड बोलून फसवू नका, हात पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही."

म्हणजे चार गुण मिळवलेलं ते पत्र तू जन्मभर लिहीत राहिलीस तर!

शस्त्रक्रियेला सात महिने लागतील. हे भाषणात सांगणारच. सात महिने म्हणजे काय चेष्टा आहे? पण त्यांनी कारण पहिल्याच वाक्यात सांगितलं: "खोल्या दोन, शल्यचिकित्सक तीन, तुमच्या आधी एकशे नव्वद माणसं." मी बाहेर आले ती जवळजवळ आनंदात. नकार नव्हता, ताई. नुसता नंबर होता.

तुझी
बोरू


१२ फेब्रुवारी

ताई,

आज खुर्ची नाही.

भाऊजींचा फॉर्म मी भरला होता.

हे वाक्य लिहायला सकाळचे तीन कप चहा गेले. आता पुढचं सुचेल. तुमच्या स्वयंपाकघरातलं टेबल, तू ड्यूटीवर, भाऊजी डोळ्याला भिंग लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसलेले, आणि मी मोठ्या ऐटीत त्यांचा विम्याचा अर्ज भरत होते. कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाला सवलत होती. "पूर्वी कधी छातीत दुखलं आहे का?" मी विचारलं. ते म्हणाले, "एकदा, मनोऱ्यावरचं घड्याळ दुरुस्त करायला चढलो होतो तेव्हा. आवळल्यासारखं झालं. लिहा ते."

मी म्हटलं, "अहो, गॅस असेल. ते लिहिलं तर दहा तपासण्या मागतील." आणि 'नाही'च्या चौकटीत बरोबरची खूण केली, सुबक. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

सहा वर्षांनी त्यांच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली, आणि कंपनीने जुने कागद उकरून काढून म्हटलं, माहिती लपवली. मी तुला म्हटलं होतं की ते पत्र यंत्राने पाठवलं. ते खोटं नाही. पण त्याआधी फाइल माझ्या टेबलावर आली होती. नाव वाचलं. अर्जावर माझं स्वतःचं अक्षर बघितलं. एक चिठ्ठी लावली असती, "अर्ज मी भरला, चूक माझी, अर्जदाराने खरं सांगितलं होतं", तर नोकरी गेली असती, पण दावा कदाचित वाचला असता. मी चिठ्ठी लावली नाही. स्वतःला सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा, बहिणीच्या नवऱ्यालाही. आणि वर काय केलं माहीत आहे? पेल्यात एक वाक्य जास्तीचं घातलं. "आपणांस दीर्घायुष्य लाभो." यंत्रात नसलेलं ते एकच वाक्य माझ्या हातचं.

तू ते पत्र वाचून मला फोन केलास. एवढंच म्हणालीस, "हे तुझं आहे." मी म्हटलं, "यंत्राचं आहे." तू फोन ठेवलास, तो आजतागायत.

भाऊजी चार महिने रांगेत थांबले आणि तुझ्या सरकारी रुग्णालयात बरे झाले. त्या चार महिन्यांत तू त्यांना किती वेळा म्हणाली असशील, का लपवलंत? आणि त्या माणसाने नऊ वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही. मी त्यांना फोनवर विचारलं, का? तर म्हणाले, "घड्याळ थांबलं तर आधी चावी कुणी फिरवली ते विचारत नाही मी. चालू करतो." ताई, कसला नवरा मिळवलास!

माझं चुकलं. मला वाईट वाटतंय. मी येऊ का?


२१ फेब्रुवारी

ताई,

काल संध्याकाळी तुला सोडून आज सकाळी तुलाच पत्र. भाऊजी म्हणतील, फोन काय शोभेला आहे? पण कालचा दिवस माझ्या अक्षरात लिहिलेला असावा, असं वाटतं. शिवाय तू मला काम सांगितलं आहेस, ते लेखी झालेलं बरं.

तर नगरभवन. मी तुला पाहिलं होतं, चौथ्या रांगेत, करडा स्वेटर, मांडीवर भाषणाचे कागद पालथे. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग टेबलावरची घंटा. माझ्या आधीचे गृहस्थ आकडे वाचत होते आणि समितीचे अध्यक्ष चष्मा पुसत होते. मग "अकरा" म्हणाले. काठी टेकत गेले. कंपनीने टाइप करून दिलेलं भाषण माझ्या पिशवीत होतं. ते तिथेच राहिलं.

मी काय बोलले ते तू ऐकलंस, पण घाबरून मला स्वतःलाच नीट ऐकू आलं नाही, म्हणून इथे परत लिहिते. मी माझं नकाराचं पत्र वाचून दाखवलं. अख्खं. वाचून झाल्यावर विचारलं, "यात मला काय कळवलं आहे, कुणी सांगेल?" मागून कुणी तरी म्हणालं, "वाढदिवसाच्या शुभेच्छा!" सभागृह हसलं. मी म्हटलं, "ही वाक्यं मी लिहिली आहेत. छान आहेत. ती किती घरी गेली, मला माहीत नाही. सरकारी रांग सात महिन्यांची आहे, ती कमी करा, नाहीतर तुमच्या कायद्याच्या नावानेही कुणी तरी असंच गोड पत्र लिहील. कंपन्या राहोत किंवा जावोत, ते तुम्ही ठरवा. पण 'नाही' म्हणायचं तर पहिल्या वाक्यात म्हणा, कारण दुसऱ्यात सांगा, आणि ते पत्र लिहिणाऱ्या माणसाचं नाव खाली असू द्या. मी ज्या फॉर्मवर चुकीची खूण केली, त्यावरही माझं नाव नव्हतं." घंटा झाली.

आणि मग "बारा".

तू कागद न घेताच गेलीस. "माझ्या आधी बोलल्या त्या बाई विमा कंपनीच्या," तू म्हणालीस. "मी चाळीस वर्षं सरकारी नोकरीत. आमच्याकडे रांग आहे, हे त्यांनी खरं सांगितलं. आमच्याकडे कधीकधी कापूसही नसतो, हे त्यांना माहीत नाही, मी सांगते. कायदा कराल तर कापसाचेही पैसे द्या. बाकी त्यांनी सांगितलंच. त्यांची भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे, पहिल्यापासून." आणि अडीच मिनिटं शिल्लक ठेवून खाली उतरलीस. अध्यक्षांनी घंटेवरचा हात मागे घेतला आणि लेखनिकाला म्हणाले, "ते पहिल्या वाक्याचं लिहून घ्या. कापसाचंही." कायद्याचं पुढे काय होईल ते होवो, त्या दोन ओळी आपल्या दोघींच्या.

बाहेर पायऱ्यांवर मी उभी राहिले. उतरता येईना. तू खाली उभी होतीस, भाऊजींच्या शेजारी. नऊ वर्षांनी माझी ताई माझ्याशी बोलली. काय बोलली?

"गुडघा दाखव."

भर रस्त्यात! लोक बघत होते. तू पायरीवर बसलीस, माझा पाय मांडीवर घेतलास, दाबलास, वाकवलास. मी किंचाळले.

"सुजलाय. किती महिने?"

"आठ."

"आणि पत्रात लिहितेस, प्रकृती उत्तम!"

"ताई, तो फॉर्म..."

"माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अगं, कंपनीने अर्जाची प्रत पाठवली होती. तुझी बरोबरची खूण मी ओळखणार नाही? शेपटीला वळण देऊन काढतेस, पहिलीपासून. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चूक कुणाचीही होते, बोरू. तू सांगशील म्हणून मी थांबले होते."

"नऊ वर्षं?"

"आमच्याकडे रांग असते," तू म्हणालीस.

भाऊजी बिचारे आळीपाळीने आपल्या दोघींकडे बघत होते. "म्हणजे हिला माहीत होतं? मग मी नऊ वर्षं कुणापासून लपवत होतो?" तू म्हणालीस, "लपवता येतं तुम्हाला असं वाटून तुम्ही खूश होतात, म्हणून राहू दिलं." मग आपण तिघं त्या पायरीवर बसून जे हसलो! पहारेकरी येऊन विचारून गेला, कुणाला बरं वाटत नाहीये का. भाऊजी म्हणाले, "नाही हो, आत्ताच बरं वाटायला लागलंय."

तर आता तुझा हुकूम. शस्त्रक्रियेचा नंबर येईपर्यंत आणि त्यानंतर चालायला लागेपर्यंत मी तुमच्याकडे राहायचं, तळमजल्यावर. रोज सकाळी तू माझ्याकडून व्यायाम करून घेणार. आणि सामान एका पेटीत मावेल एवढंच आणायचं. "तुझी कपाटं नकोत, त्यांच्यातही खुर्च्या असतील," हे तुझे शब्द. मंजूर. भाऊजी शनिवारी गाडी घेऊन येतील तेव्हा त्यांच्या हाती ही यादी असू दे, म्हणजे माझी बडबड मध्ये येणार नाही.

खिडकीतल्या कुंड्या आणि झारी खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना. त्या पाणी घालतीलच, नाही तरी गेले आठ महिने त्याच घालताहेत.

जाड गादीची आरामखुर्ची त्या गणिताच्या बाईंना. पत्ता वहीत आहे. खरी खुर्ची आहे, बसायची, असं सांगा.

बेकरीवाल्याला माझी उंच काठी, मनगट बरं झालं असलं तरी. मला आता तुझा खांदा आहे, आणि त्याला पोरांना धाक घालायला काही तरी हवंय म्हणत होता.

पत्रविभागात माझ्या टेबलावर आता बसणाऱ्या मुलीला माझं निळं फाउंटन पेन आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी बंद आहे, उघडू नका. आत तीनच वाक्यं आहेत.

भाऊजींना बाबांचं टेबलावरचं घड्याळ. बावीस वर्षं बंद आहे. चावी कुणी जास्त फिरवली ते त्यांनी विचारू नये.

आणि तुला, ताई, पेटीत सगळ्यात वर ठेवलेला पिवळा लिफाफा. आत दोन पानं आहेत. एक माझं, गुलाबांचं. दुसरं तुझं, तू त्या दिवशी चुरगळून फेकलं होतंस, ते मी उचलून वहीत ठेवलं होतं. का ते तेव्हा कळलं नव्हतं. शाईवाल्या सिस्टरांची क्षमा मागून लाल पेन्सिलीने मी दोन्ही पानांवरचे गुण खोडून बदलले आहेत. दहा तुला. चार मला ठेव.